खंडेनवमीला कामगारांना सोन्याची नाणी दिली, आता त्यावरचा टॅक्स कुणी भरायचा?

सातपूर_अकौंट्स (२४ फेब्रुवारी २०२५)

नमस्कार मंडळी. नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये मी अकौंट्स आणि पेरोल दोन्ही बघते, एकूण ४३ माणसं, भागीदारी फर्म आहे. यंदा खंडेनवमीच्या मशीनपूजेला साहेबांनी ज्यांना वीस वर्षं झाली अशा ११ जणांना ५ ग्रॅमचं सोन्याचं नाणं दिलं, जीएसटी धरून एक नाणं ३९,१०० ला पडलं. सगळे खूश, फोटो झाले, जेवण झालं. मी बिल घेतलं आणि स्टाफ वेल्फेअरला टाकून मोकळी झाले.

आता २०२४-२५ च्या वर्षअखेरीचं टीडीएसचं (पगारातूनच कापून सरकारकडे भरायच्या टॅक्सचं) गणित करायला बसले तर आमचे रिटर्न भरणारे म्हणाले की हे पर्क्विझिट (पगाराव्यतिरिक्त नोकरीमुळे मिळालेला फायदा) आहे, पगारात धरा आणि टॅक्स कापा. साहेबांना सांगितलं तर ते भडकलेच, म्हणे "मी माणसाला सोनं द्यायचं आणि वर त्याच्याच पगारातून पैसे कापायचे? शोभतं का ते? पूर्वी तर असल्या गोष्टींवरचा टॅक्स कंपनीच भरायची, मला पक्कं आठवतंय." आता पूर्वी म्हणजे कधी ते मला माहीत नाही, मी २०१४ ला लागले. तर प्रश्न असा की कंपनीने भरायची काही सोय आहे का, आणि असली तर करायचं कसं. ११ पैकी ८ जण कामगार आहेत, २ सुपरवायझर, १ मॅनेजर. फेब्रुवारीचा पगार या आठवड्यात करायचाय त्यामुळे जरा लवकर सांगितलंत तर बरं होईल.

खतावणी (२४ फेब्रुवारी)

तुमच्या साहेबांची स्मरणशक्ती चांगली आहे. २००५ च्या बजेटात चिदंबरम साहेबांनी फ्रिंज बेनिफिट टॅक्स आणला होता, एफबीटी, तो खरंच कंपनी भरायची. गिफ्टवरचा निम्मा खर्च "बेनिफिट" धरायचा आणि त्यावर ३० टक्के अधिक सरचार्ज अधिक सेस, म्हणजे शंभर रुपयाच्या गिफ्टला सतराएक रुपये. माणसाच्या पगाराशी काही संबंध नाही, त्याला कळायचंही नाही. मी तेव्हा एका केमिकल कंपनीत ज्युनियर होतो आणि हॉटेलचं बिल, प्रवास, फोन, गाड्या, दिवाळीच्या भेटी सगळं वेगवेगळ्या टक्क्यांनी एफबीटीत पाडण्यात आमचे संध्याकाळचे दोन दोन तास जायचे, शिव्या घालत करायचो. २००९ ला प्रणव मुखर्जींनी तो काढून टाकला आणि गिफ्ट, गाडी, ईसॉप (माणसाला दिलेले कंपनीचे शेअर) हे सगळं परत माणसाच्या पगारात येऊन बसलं. म्हणून आता पहिला मार्ग कापायचा हाच. पण कंपनीने भरायची वाट अजून आहे, खाली कुणीतरी जाणकार सांगेलच, मी रिटायर झालोय आणि नवीन स्लॅब मला पाठ नाहीत.

पेन्सिल_मागे_कानाला (२४ फेब्रुवारी, रात्री)

ताई, सीए आहे, पण तुमची कागदपत्रं बघितलेली नाहीत, तेव्हा हे घेऊन तुमच्या माणसाशी एकदा बोला.

आधी किंमत. वर्षभरातल्या सगळ्या भेटी एकत्र धरायच्या, नुसतं नाणं नाही. दिवाळीला डबा दिला असणारच तुम्ही, तो ९०० चा असेल तर एकूण ४०,०००. त्यातले ५,००० माफ, उरले ३५,००० पगारात. वस्तू असली तरच हे ५,००० मिळतात बरं का, रोख पाकीट किंवा गिफ्ट चेक दिला की पहिल्या रुपयापासून पगार.

आता साहेबांचा प्रश्न. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९२(१ए) मध्ये सोय आहे, जे पर्क्विझिट पैशाच्या रूपात नाही त्याच्यावरचा टॅक्स कंपनी स्वतःच्या खिशातून भरू शकते, पगारातून न कापता. आणि कंपनीने भरलेला तो टॅक्स म्हणजे परत कामगाराचं उत्पन्न झालं असं होत नाही, १०(१०सीसी) खाली तो माफ आहे. त्याची किंमत एवढीच की फर्मला तो टॅक्स खर्च म्हणून दाखवता येत नाही, ४०(ए)(५) आडवं येतं. नाण्याचा खर्च चालतो, नाण्यावरच्या टॅक्सचा चालत नाही.

पण थांबा, इथे सगळे चुकतात. कंपनी जो टॅक्स भरते तो "सरासरी दराने" भरते, म्हणजे वर्षाचा एकूण टॅक्स भागिले टॅक्स लागणारं एकूण उत्पन्न. समजा सुपरवायझरचा वर्षाचा पगार ९,६०,००० आणि न्यू रेजीम, म्हणजे दर कमी पण बहुतेक वजावटी नाहीत असा पर्याय. ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना सरसकट मिळणारी वजावट) गेलं की ८,८५,०००, त्यात ३५,००० मिळवले की ९,२०,०००. टॅक्स सेससकट ४३,६८०. नाणं नसतं तर ४०,०४० असता. म्हणजे नाण्यामुळे ३,६४० वाढले. साहेबांना वाटेल आपण ३,६४० भरले की विषय संपला. तसं नाही. सरासरी दर निघतो ४.७५ टक्क्यांच्या आसपास, ३५,००० वर त्याचे होतात १,६६२, तेवढेच कंपनीच्या नावावर जातात. उरलेले १,९७८ त्या माणसाच्या पगारातूनच जाणार. साहेबांनी "एक पैसा कापणार नाही" असं सगळ्यांसमोर सांगितलं असेल तर आत्ताच जाऊन सांगा त्यांना, मार्चच्या पगारपत्रकावर कळण्यापेक्षा बरं.

आणि फर्मला १,६६२ खर्चात न धरल्याचा फटका किती, तर ५०० च्या आसपास. त्यासाठी कुणी झोप उडवून घेऊ नये.

आठ कामगारांचे आकडे द्या आधी. चार-सहा लाखाचे असतील तर त्यांना टॅक्सच नाही, नाणं धरूनही नाही. साहेब ज्यांच्यासाठी चिडलेत त्यांना बहुतेक काही लागतच नसेल.

हिंजवडीतली_मी (२५ फेब्रुवारी)

विषयाला धरूनच आहे म्हणून इथेच विचारते. आमच्याकडे दिवाळीला १०,००० चं ऑनलाइन शॉपिंग व्हाउचर आलं. नोव्हेंबरच्या स्लिपमध्ये अर्निंगला "गिफ्ट पर्क ५,०००" आणि डिडक्शनला पण "गिफ्ट पर्क ५,०००". मी एचआरला मेल टाकला की माझे ५,००० का कापले, तर उत्तर आलं "इट्स नोशनल". नोशनल म्हणजे काय ते काही सांगितलं नाही आणि टीडीएस मात्र वाढला. टीममधले निम्मे लोक अजून समजतायत की कंपनीने व्हाउचर देऊन पैसे परत घेतले.

पेन्सिल_मागे_कानाला (२५ फेब्रुवारी)

परत घेतले नाहीत. सॉफ्टवेअरला टॅक्स मोजायला तो आकडा पगारात दिसावा लागतो, पण व्हाउचर तर आधीच दिलंय, परत खात्यात ५,००० जायला नकोत, म्हणून एकीकडे मिळवून दुसरीकडे वजा करतात. खरा कापला गेला तो फक्त त्यावरचा टीडीएस. हे दोन ओळीत स्लिपच्या खाली लिहिलं असतं तर निम्मी भांडणं झाली नसती, पण पेरोल आउटसोर्स केलं की लिहिणारा कोण.

जुना लॅपटॉप कंपनीकडून विकत घेणार असाल तर तिथेही असंच दिसेल. वापरायला दिलेल्या लॅपटॉपवर काही लागत नाही, पण नावावर केला की लागतं. ८०,००० चा लॅपटॉप तीन वर्षं पूर्ण वापरला तर दरवर्षी निम्मा निम्मा करत किंमत १०,००० वर येते, तुम्ही ५,००० ला घेतलात तर उरलेले ५,००० पर्क.

नियमावली (२५ फेब्रुवारी)

@पेन्सिल, एक आक्षेप. आयकराचा नियम ३(७)(४) नीट वाचा, त्यात लिहिलंय की वर्षाची एकूण किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल तर शून्य. कमी नसेल तर पहिले ५,००० वजा करा असं कुठे लिहिलंय? मग ४०,००० च्या ४०,००० धरायला नकोत का. आमच्या ऑडिटरने तसंच करायला लावलं होतं.

पेन्सिल_मागे_कानाला (२५ फेब्रुवारी)

नियमाची भाषा तशीच आहे, मान्य. पण २००१ च्या सर्क्युलरमध्ये आणि नंतरच्या टीडीएसच्या सर्क्युलरमध्येही प्रत्यक्ष कर बोर्डानेच म्हटलंय की ५,००० पर्यंत माफ, त्यावरचं टॅक्सेबल. कापणाऱ्या कंपनीने बोर्डाच्या सर्क्युलरप्रमाणे कापलं तर ठीकच. तुमच्या ऑडिटरला अगदी सेफ खेळायचं असेल तर खेळू दे, पण त्याचा भुर्दंड माणसाला बसतो हे त्याला सांगा.

बँकवाली_मावशी (२५ फेब्रुवारी)

तुम्ही ५,००० वर भांडताय, आमचं बघा. बँकेत स्टाफला होम लोन कमी व्याजाने मिळतं, आमचे जुने लोक तेवढ्यासाठी नोकरी धरून बसले. वर्षाच्या १ एप्रिलला स्टेट बँकेचा त्या प्रकारच्या कर्जाचा जो दर असेल त्याच्याशी आमचा दर ताडून पाहायचा आणि जो फरक येईल तो आमच्या पगारात. संघटना सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, स्टेट बँकेचाच दर का म्हणून, आणि ७ मे २०२४ ला कोर्टाने सांगितलं की नियम बरोबर आहे, असं कर्ज हा नोकरीमुळे मिळणारा फायदाच आहे आणि सगळ्यांना एकच माप असलं की वाद कमी होतात. झालं. आमच्याकडे बँक काही स्वतःच्या खिशातून भरत नाही हो, सातपूरच्या ताईंचे साहेब भले म्हणायचे. २०,००० च्या आतलं कर्ज असेल तर सोडतात, त्यात काय येतं आजकाल, फ्रिजसुद्धा नाही.

सातपूर_अकौंट्स (२६ फेब्रुवारी)

खूप आभार सगळ्यांचे. @खतावणी काका, साहेबांना एफबीटीचं सांगितलं, एकदम खूश, "बघ मी म्हटलं नव्हतं का" असं तीनदा ऐकवलं.

@पेन्सिल दादा, दिवाळीचा डबा खरंच ९०० च्या आसपासच होता, कसं ओळखलंत. आकडे असे: ७ कामगार ४.२० ते ५.८० लाखाच्या मध्ये. आठवे आमचे सिनियर फिटर काका, ओव्हरटाइम भरपूर, त्यांचे ७,६०,०००. यांना आत्तापर्यंत टॅक्स शून्यच येतोय म्हणून मी त्यांनाही त्या सातांच्या यादीत टाकलंय. सुपरवायझर तुम्ही धरलेत तसेच आहेत जवळपास. मॅनेजर १४ लाख, ओल्ड रेजीम, आणि त्यांच्याकडे फर्मच्या नावावरची गाडी आहे, पेट्रोल मेंटेनन्स सगळं फर्मचं, घरीही तीच नेतात. ते पण काही धरायचं असतं का? आजपर्यंत धरलेलं नाही.

पेन्सिल_मागे_कानाला (२६ फेब्रुवारी)

गाडीचं सोपं आहे, इंजिन १.६ लिटरपर्यंत असेल तर महिन्याला १,८०० पगारात धरायचे, मोठं असेल तर २,४००, फर्मचा ड्रायव्हर असेल तर ९०० वेगळे. वर्षाचे २१,६००. मागच्या वर्षांचं धरलेलं नसेल तर ते शांतपणे तुमच्या सल्लागाराकडे घेऊन जा, टीडीएस कमी कापला म्हणून महिन्याला एक टक्का व्याज फर्मच्या डोक्यावर येतं.

पण ते राहू दे, फिटर काकांना त्या यादीतून आधी बाहेर काढा! या सगळ्या ११ जणांत खरा मार त्यांनाच बसणार आहे.

नाण्याशिवाय त्यांचं ७,६०,००० वजा ७५,०००, म्हणजे ६,८५,०००. २०२४-२५ ला न्यू रेजीममध्ये सात लाखाच्या आत रिबेट, म्हणजे पूर्ण माफी, टॅक्स शून्य. नाणं आणि डबा मिळून ३५,००० आले की ७,२०,०००. सात लाखाची रेघ ओलांडली. मार्जिनल रिलीफ (रेघेच्या वर जेवढं उत्पन्न त्यापेक्षा जास्त टॅक्स नको ही सवलत) धरूनही सात लाखाच्या वरचे अख्खे २०,००० टॅक्समध्ये आणि त्यावर सेस ८००. चाळीस हजाराच्या वस्तूंवर २०,८०० टॅक्स. आणि कंपनीने सरासरी दराने भरायचे म्हटलं तर त्यातले साधारण १,०११ कंपनीकडे, उरलेले १९,७८९ काकांच्या दोन महिन्यांच्या पगारातून. वीस वर्षं लेथवर उभं राहिल्याचं हे बक्षीस.

उरलेलेही साहेब भरतील असं म्हणू नका, पगारावरचा टॅक्स मालकाने भरला की तो परत उत्पन्नात धरायचा का, किती वेळा धरायचा, यावर लोक ट्रायब्युनलपर्यंत भांडलेत, छोट्या शॉपने त्यात शिरू नये.

त्यापेक्षा काकांना एकच विचारा, घराचं कर्ज आहे का. ओल्ड रेजीममध्ये, जिथे जुन्या वजावटी मिळतात, पगार आणि भेटी मिळून ७,९५,००० वजा ५०,००० वजा प्रोफेशनल टॅक्सचे २,५००, मग पीएफ, एलआयसी, हप्त्यातलं मुद्दल मिळून ८०सी चे (बचतीवरच्या वजावटीचे) दीड लाख भरत असतील तर उरले ५,९२,५००. तिथे पाच लाखापर्यंत रिबेट आहे. म्हणजे राहत्या घराच्या कर्जाचं व्याज ९२,५०० किंवा जास्त असेल तर टॅक्स शून्य. तसं असेल तर १२बीबी फॉर्म (वजावटींची माहिती मालकाला द्यायचा) भरून घ्या, बँकेचा पॅन त्यात लागतो, आणि ओल्ड रेजीम हवी असं त्यांच्याकडून लेखी घ्या. मार्चमध्ये नाही जमलं तरी रिटर्न ३१ जुलैच्या आत भरताना त्यांना ओल्ड निवडता येते, फक्त तोवर पैसे अडकून राहतील.

मेलबर्नचा_पुतण्या (२६ फेब्रुवारी)

वाचून गंमत वाटली, इथे ऑस्ट्रेलियात एफबीटी १९८६ पासून आहे आणि अजून चालू आहे, आणि पूर्णपणे मालकच भरतो, ४७ टक्क्यांनी. तोही नुसत्या किमतीवर नाही, आधी ती जवळपास दुप्पट फुगवायची, म्हणजे तेवढी वस्तू घ्यायला माणसाला टॅक्सआधी किती पगार लागला असता ते काढायचं, मग त्यावर ४७. वर्ष पण तुमच्यासारखंच ३१ मार्चला संपतं, बाकीचं टॅक्सचं वर्ष जूनला. त्यामुळे इथला मालक सोन्याचं नाणं द्यायच्या आधी अकौंटंटला फोन करतो, ३०० डॉलरच्या आतली कधीतरी दिलेली वस्तू बहुतेक सुटते, म्हणून ख्रिसमसच्या सगळ्या भेटवस्तू २९० च्या आसपास असतात हाहा. फक्त इलेक्ट्रिक गाड्यांना जुलै २०२२ पासून माफी आहे, तेव्हापासून आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार्जरवरून भांडणं.

खतावणी (२६ फेब्रुवारी)

म्हणजे तिकडे मालक रडतो आणि इकडे कामगार. आपल्याकडे एफबीटी असताना सगळे उद्योगवाले ओरडत होते, काढल्यावर पेढे वाटले, पण फिटर काकांचं गणित बघून वाटतं तेव्हा निदान कामगाराला घाम फुटत नव्हता. साहेबांनी आपट्याची पानंच दिली असती तर हा धागा निघाला नसता म्हणा.

एक राहिलं ताई, नाण्यांच्या बिलावरचा जीएसटी क्रेडिट घेतलाय का? गिफ्टवर क्रेडिट बंद आहे. घेतला असेल तर उलटवा. माणशी वर्षाला ५०,००० च्या आत आहात म्हणून गिफ्टवर परत जीएसटी लागत नाही तेवढं बरं.

सातपूर_अकौंट्स (१ मार्च)

जीएसटी क्रेडिट घेतला होता. उलटवला. काका तुमचे आभार मानू की काय करू.

फिटर काकांना परवा केबिनमध्ये बसवून सगळं सांगितलं. आधी त्यांना वाटलं मी नाणं परत मागतेय, ते म्हणाले "मॅडम ते मुलीच्या लग्नात मोडलं हो." मग कागद काढून दाखवला. घराचं कर्ज आहे, बँकेचं सर्टिफिकेट आणलंय, व्याज १,१८,०००, आणि पीएफ, पॉलिसी, मुद्दल मिळून दीड लाख आरामात भरतात. मी दोनदा मोजलं, ४,७४,५०० येतंय, टॅक्स शून्य. ओल्ड रेजीमचं पत्र सही करून घेतलं.

दोन्ही सुपरवायझरांचा टॅक्स साहेब १,६६२ प्रमाणे भरायला तयार आहेत, उरलेल्याचं मी दोघांना स्वतः सांगितलं, एकाने तोंड वाकडं केलं. मॅनेजर साहेबांना गाडीचं सांगायचं काम मी साहेबांवर सोडलंय.

शेवटचं एकच, नाणं आणि दिवाळीचा डबा १२बीएमध्ये (पर्क्विझिटच्या तपशिलाच्या फॉर्ममध्ये) वेगवेगळ्या ओळीत दाखवायचे का? आणि ज्यांचा टॅक्स शून्य आहे त्यांचंही दाखवायचं का?

पेन्सिल_मागे_कानाला (१ मार्च)

एकाच ओळीत, "गिफ्ट, व्हाउचर" असा रकाना आहे त्यात माफीनंतरचे ३५,०००. मॅनेजरची गाडी वरच्या गाडीच्या ओळीत. शून्य टॅक्सवाल्यांचंही २४क्यू च्या (पगारावरच्या टीडीएसच्या तिमाही रिटर्नच्या) शेवटच्या तिमाहीत पगाराच्या तपशिलात पर्क्विझिट म्हणून येऊ द्या, किंमत लपवून शून्य आणू नका. आणि मार्चचं चलन ३० एप्रिलपर्यंत चालतं, पण कंपनीने भरलेला टॅक्स वेगळा नोंदवून ठेवा, नाहीतर ऑडिटच्या वेळी तो परत स्टाफ वेल्फेअरमध्येच सापडेल.